सेकंडचा माल

साडेसहा हजारांत आला.
वेबसाइटवर लिहिलं होतं, स्थिती: चांगली.
त्याच्या वर 'उत्तम' होती, आठशे जास्त,
खाली 'ठीक' होती, पाचशे कमी.
'चांगली'वर बोट ठेवताना मी हसले मनात.
तेवीस वर्षं झाली अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी टॉवेलांना हेच सांगते:
तू फर्स्ट. तू सेकंड. तू किलोवर.

पोरानं तीनदा फोन केला शेजारच्या इराबत्तींकडं,
माझा जुना तर मरून पडलेला.
"मावशी, येऊलालोय की मी,
पण इथं सगळी घरं एकसारखीच दिसूलालेत."
म्हटलं, निळ्या टाकीच्या पलीकडं ये.
दोरीवर टॉवेल वाळतोय, मोराचा.
मोराला मान नाही.
ते माझं घर.

आमच्याकडं सगळे टॉवेल सेकंडचेच.
पाणी टिपायला मोराची मान लागत नाही.

डबा उघडला, पण चालू केला नाही लगेच.
आधी तळहात फिरवला.
मग ट्यूबलाइटखाली तिरका धरला,
पन्हा धरतो तसा,
आणि सापडलं:
डाव्या कोपऱ्यात पोचा, ज्वारीच्या दाण्याएवढा.
टॉवेलचं बरं असतं.
ताणा तुटला तर सांगता येतं कोणत्या मागावर तुटला,
रात्रपाळीला कोण होतं, कुणाचा डोळा लागला.
हा कुणाच्या हातून पडला?
बसमधून उतरताना? की आपटला रागानं?
श्रावंती म्हणाली, अम्मा, आतलं सगळं पुसून पाठवतात.
पुसलं असेल.
पोचा नाही पुसता आला.

चालू झाला तसा नमस्कार म्हणाला
दहा-पंधरा भाषांत, एकामागून एक.
मग म्हणाला, भाषा निवडा.
एकच.
घरात तेलुगू, खात्यात मराठी,
पगाराच्या दिवशी हिरेमठ साहेबांशी कन्नड, मोडकी का असेना.
तेलुगूची गोल गोल अक्षरं दिसली.
आई जाताना याच भाषेत पाणी मागत होती
आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.
मराठीवर बोट ठेवलं.
म्युनिसिपालटीची शाळा, सातवी पास.

मग त्यानं बोटच मागितलं.
ठेवा. ठेवलं.
उचला, पुन्हा ठेवा.
थोडं बाजूला ठेवा.
बोट ओळखता आलं नाही.
अंगठा झाला, त्याच्या शेजारचं झालं, मधलं झालं.
दिवसाला हजार-बाराशे घड्या,
सूत रेघा खाऊन टाकतं.
रेशनचं मशीनही दर महिन्याला मला परकी समजतं.
श्रावंती म्हणाली, करंगळी दे.
करंगळी!
घडी घालताना कायम बाजूला उभी राहणारी, कामचुकार.
तिला ओळखलं एका झटक्यात.

सिममधून सदतीस नावं आली:
गॅस, खाते २, बोल्ली डॉक्टर,
नरसय्या अण्णा.
अण्णा गेला गुदस्ता.
फोन विचारतो, सगळी ठेवायची?
ठेव बाबा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेसेज आला:
माल कसा वाटला? तारे द्या.
कडक भाकरी मोडता मोडता
सगळ्या बायका माझ्या खांद्यावरून वाकल्या.
अंबक्का म्हणाली, दे की पाच, तुझं काय जातंय?
तिच्या बोटाची शेंगाचटणी लागली काचेला.
नवा फोन, आणि पहिला डाग तेलाचा.

मी चार दिले.
खाली चौकट होती, काही सांगायचं आहे का.
होतं.
भाकरी बाजूला ठेवली, हात पुसला,
आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं:
डाव्या कोपऱ्यात पोचा आहे, आधी सांगायला पाहिजे होतं.
बाकी किनार सरळ.